कडुनिंब उभा करताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

लघुपटातल्या झाडाचं, संगणकावर करायच्या थ्रीडी झाडाचं, काम आजपासून माझ्याकडे. शॉट एकच आहे, ४० सेकंदांचा. कॅमेरा दुरून येतो, कडुनिंबाच्या सावलीत शिरतो, वर फांद्यांकडे बघतो आणि शेवटी हाताच्या अंतरावरच्या एका डहाळीपाशी थांबतो. म्हणजे तेच झाड दुरून भरदार दिसायला हवं, खालून त्याचा सांगाडा पटायला हवा आणि जवळून पानाच्या कडेचे दाते मोजता यायला हवेत.

तयार झाडांच्या संग्रहांत दिवसभर शोधलं. ओक, बर्च, पाइन हवे तेवढे. कडुनिंब एक सापडला. दुरून बरा होता, पण जवळ गेल्यावर पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) कडा गुळगुळीत, आणि प्रत्येक पर्णिका मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी. खऱ्या कडुनिंबाची पर्णिका बुडाशी वाकडी असते, एक बाजू रुंद आणि एक अरुंद, आणि सगळी मिळून कोयत्यासारखी किंचित वळलेली. हे ज्याला माहीत नाही त्याचाही डोळा कुठेतरी अडतोच. तेव्हा झाड स्वतःच करायचं ठरलं.

दृश्य ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आहे. झाडासाठी काय वापरायचं ते ठरवायला महिनाअखेरपर्यंतचा वेळ घेतला आहे.

७ जानेवारी

पर्याय बघताना एक गोष्ट लवकर लक्षात आली. ही सगळी सॉफ्टवेअरं एकाच कामाची दिसली तरी त्यांची झाडाकडे बघायची रीत वेगवेगळी आहे. काही झाडाचं वर्णन मागतात : फांदी किती लांब, किती अंशात फुटते, किती वाकते. ते सांगितलं की झाड तयार. काही झाडाला वाढू देतात : रोप लावा, वर्षं जाऊ द्या, काय होतं ते बघा. आणि काही या दोन्हींच्या मधली.

स्पीडट्री सगळ्यांत नावाजलेलं. २०१५ साली त्याच्या निर्मात्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये ते गेम-इंजिन बनवणाऱ्या युनिटीनं विकत घेतलं. खोडाला फांद्यांचा नोड (घटक), त्याला डहाळ्यांचा, त्याला पानांचा, अशी साखळी जोडत जायची आणि हवी ती फांदी हातानं ओढूनही बसवता येते. एक्सफ्रॉग त्याच्याही आधीचं, १९९० च्या दशकातलं, तेही अशाच घटकांच्या जोडणीवर चालणारं. थ्रीडीएस मॅक्सवाले ग्रोएफएक्स वापरतात, पण मी मॅक्सवर काम करत नाही. प्लँटफॅक्टरी चांगलं होतं, मात्र २०२४ मध्ये त्याचा पुढचा विकास थांबला. ज्याला पुढे कोणी सांभाळणार नाही ते आता शिकायला घेणं मला पटत नाही. हुडिनीत एल-सिस्टिमचा, म्हणजे नियम लिहून वाढ दाखवायच्या पद्धतीचा, नोड आहे आणि शिकणाऱ्यांसाठी त्याची अप्रेंटिस आवृत्ती मोफत मिळते. ब्लेंडरसाठी सॅप्लिंग हे मोफत ॲड-ऑन आहे. आणि द ग्रोव्ह, जे ब्लेंडरच्या आतच झाड वर्षागणिक वाढवतं.

उद्या यातलं काहीही उघडायचं नाही. आधी झाड मोजायचं.

८ जानेवारी

घराशेजारच्या कडुनिंबाखाली सकाळचे तीन तास. टेप, कोनमापक, वही, कॅमेरा.

छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १८८ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या जवळपास ३० सेंटिमीटर. पहिलं बेचकं २.६ मीटरवर, तिथून तीन मोठ्या फांद्या निघतात, दोन जवळजवळ सारख्या जाडीच्या आणि एक बारीक. उंचीसाठी जुनी युक्ती केली : शेंडा बरोबर ४५ अंशांत दिसेपर्यंत मागे सरकायचं आणि त्या अंतरात डोळ्यांची उंची मिळवायची. १२.४ अधिक १.५, म्हणजे १४ मीटर धरायला हरकत नाही.

खाली पडलेली दहा पानं उचलून पर्णिका मोजल्या. सगळ्यांत कमी २२, सगळ्यांत जास्त २८. बहुतेक पानांना टोकाची एकटी पर्णिका नव्हतीच, शेवटी जोडीच होती. पानं फांदीभर पसरलेली नसतात, डहाळीच्या शेवटच्या वीतभरात दाटी करून असतात. त्यामुळे झाडाखाली उभं राहिलं की आतली बाजू मोकळी दिसते, नुसत्या काड्यांची, आणि हिरवं सगळं बाहेरच्या कवचात. हे मी रोज बघत आले होते, पण आज पहिल्यांदा लिहून काढलं.

आठ दिशांनी फोटो घेतले, दोन खोडाला पाठ टेकून सरळ वर बघत.

१२ जानेवारी

सॅप्लिंगपासून सुरुवात केली. हे ॲड-ऑन वेबर आणि पेन या दोघांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीवर उभं आहे. त्या दोघांनी मुद्दामच वनस्पतिशास्त्राच्या खोलात न शिरता झाड बाहेरून कसं दिसतं ते आकड्यांत पकडलं. घेराचा, म्हणजे फांद्या-पानांच्या सगळ्या पसाऱ्याचा, आकार निवडायचा : शंकू, गोल, अर्धगोल, ज्योतीसारखा वगैरे. मग प्रत्येक पातळीला लांबी, फुटण्याचा कोन, मागच्या फांदीपासून किती अंश फिरून पुढची फांदी, वाक, उलटा वाक, आणि प्रत्येकात किती फरक पडू द्यायचा.

मोजून आणलेले आकडे इथे लगेच कामाला आले. फिरण्याचा कोन १३७.५ अंश ठेवला. याला सुवर्णकोन म्हणतात. या कोनानं फिरत गेलं की कोणतंही पान आधीच्या पानाच्या बरोबर डोक्यावर येत नाही. वर्तुळाचा सरळ भाग घेतला, समजा १२० अंश, तर चौथं पान पहिल्याच्या नेमकं वर येऊन बसतं आणि झाडावर तीन उभ्या रांगा दिसायला लागतात. स्लायडर १२० वर नेऊन बघितलं, खरंच रांगा दिसल्या.

संध्याकाळी दिग्दर्शक मित्राला रेंडर (मॉडेलवरून काढलेलं चित्र) पाठवला. त्याचा फोन : "अगं, झाड छान आहे, पण नुकतंच तेल लावून केस विंचरून आल्यासारखं दिसतंय."

बरोबर बोलला. कोन, लांबी, वाक सगळं जागेवर असूनही झाड नवंकोरं दिसतंय. काय चुकतंय ते अजून सापडलेलं नाही.

१४ जानेवारी

सीड, म्हणजे यादृच्छिक फरक ठरवणारा आकडा, बदलून साठेक झाडं काढली. सगळी वेगळी आणि सगळी एकाच वयाची. फरकाचे आकडे वाढवले की झाड म्हातारं होत नाही, विस्कटतं.

१८ जानेवारी

हुडिनीत एल-सिस्टिम. ही कल्पना अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञानं १९६८ साली मांडली, तीही झाडांसाठी नव्हे तर शेवाळासारख्या साध्या जीवांच्या पेशी कशा वाढतात ते लिहायला. नियम दोनच. अ च्या जागी अब लिहा, ब च्या जागी अ लिहा. वहीत करून बघितलं :

अ
अब
अबअ
अबअअब
अबअअबअबअ

प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजली : १, २, ३, ५, ८. कोणी सांगितलं नसताना फिबोनाची समोर आला, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. हे माहीत असूनही स्वतःच्या अक्षरात उतरताना बघणं वेगळंच होतं. अख्खी ओळ एका दमात बदलते, कारण वनस्पतीत सगळे कोंब एकाच वेळी वाढत असतात. पुढे या अक्षरांना चालीचा अर्थ दिला की चित्र होतं : पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, कंस उघडला की जागा लक्षात ठेव, कंस मिटला की तिथे परत ये. कंस म्हणजेच फांदी.

तीन दिवस यात गेले आणि वाया गेले नाहीत. झाडाखालचं गवत, आघाडा, दोन-तीन तणं यांतून फार सुंदर निघाली. लहान, एका हंगामाच्या रोपाचा स्वभाव नियमात पकडता येतो, तो अजून फारसा कुणाशी झगडलेला नसतो. मोठ्या झाडाला मात्र साधा एल-सिस्टिम पुरला नाही. एका फांदीला दुसरीची सावली पडते हे त्याला ठाऊकच नसतं. फांद्या एकमेकींतून आरपार जातात.

तणांसाठी हुडिनी पक्कं. कडुनिंबासाठी नाही.

२३ जानेवारी

जागेच्या भांडणाची पद्धत. २००७ साली रनियन्स, लेन आणि प्रुसिंकिविच यांनी मांडलेली. इंग्रजीत तिला स्पेस कॉलनायझेशन म्हणतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतः लिहिली, कारण ती लिहिण्याइतकी लहान आहे आणि लिहिल्याशिवाय मला ती कळली नसती.

घेराच्या आकाराचा एक पोकळ घुमट घ्यायचा, त्यात ८,००० बिंदू विखरायचे. बिंदू म्हणजे मोकळी जागा, उजेड. प्रत्येक बिंदू आपल्या आवाक्यातल्या, फांदीवरच्या सगळ्यांत जवळच्या जागेला स्वतःकडे ओढतो. ज्या जागेला बिंदू ओढतायत तिथून त्यांच्या सरासरी दिशेनं फांदी एक पाऊल पुढे जाते. फांदी बिंदूच्या अगदी जवळ आली की तो बिंदू पुसून टाकायचा, ती जागा भरली. पाऊल १० सेंटिमीटरचं, पुसण्याचं अंतर ३०, आवाका २ मीटर. चालवलं आणि खोडातून फांद्या निघून एकमेकींना चुकवत घुमट भरू लागल्या. आरपार जाणं संपलं. काय खूश झाले!

मग जाडी. फांद्या म्हणजे नुसत्या रेषा होत्या, त्यांना जाडी द्यायची होती. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत एक निरीक्षण आहे : कोणत्याही उंचीवर सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. गणितात, बेचक्याखालच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे वरच्या दोन्ही त्रिज्यांच्या वर्गांची बेरीज. तीन मिलिमीटरच्या दोन डहाळ्या मिळून ४.२ मिलिमीटरची फांदी. वर्गाऐवजी घन घेतला तर ३.८. फरक किरकोळ वाटतो, पण दहा वेळा दुपटीनं खाली येताना, म्हणजे १,०२४ टोकांपासून, दोन मिलिमीटरच्या डहाळ्यांचं खोड वर्गानं ६४ मिलिमीटरचं होतं आणि घनानं फक्त २० चं. घनाचं झाड खरंच आजारी दिसलं.

वर्गानं माझ्या कडुनिंबाचा हिशेब मांडला. त्रिज्या ३०० मिलिमीटर, टोकाची डहाळी २ मिलिमीटर : १५० चा वर्ग, २२,५०० टोकं. एवढी खरंच असतील का? सगळं झाड मोजणं अशक्य, म्हणून हाताला येणारी एक फांदी धरली. बुडाशी तिची त्रिज्या २१ मिलिमीटर. हिशेबानं टोकं ११० हवीत. दोनदा मोजली, ६४ निघाली.

आधी वाटलं मोजण्यात चूक झाली. मग बोटानं फांदी चाचपत बुडापासून टोकाकडे गेले, तेव्हा बोटाला गाठी लागायला लागल्या. सालीखाली अर्धवट बुजलेल्या, काही बटणाएवढ्या, काहींमध्ये अजून वाळकी खुंटी शिल्लक. १९ गाठी. प्रत्येक गाठीवर कधीतरी एक डहाळी होती, तिच्यावर तिची टोकं होती. त्या डहाळ्या सावलीत आल्या, वाळल्या, गळल्या. फांदी मात्र त्यांच्यासाठी जेवढी जाड झाली तेवढी जाडच राहिली.

यासाठी 'पाइप मॉडेल' असा शब्दही आहे असं संध्याकाळी वाचलं. १९६४ साली शिनोझाकी आणि सहकाऱ्यांनी झाडाकडे नळ्यांची जुडी म्हणून बघितलं : पानांच्या प्रत्येक वाट्यामागे मुळापर्यंत जाणारी एक नळी. पानं गेली की नळी निकामी होते, पण खोडातून जात नाही. ती तिथेच राहते.

विंचरलेल्या केसांचं उत्तर यात आहे. मी आतापर्यंत केलेल्या प्रत्येक झाडात जन्मलेली प्रत्येक फांदी जिवंत होती.

२९ जानेवारी

निवड झाली. निकष आता एकच उरला होता : कोणतं सॉफ्टवेअर फांदी गाळू शकतं?

माझ्या पायथॉनमध्ये ते बसवता आलं असतं, पण त्यात आणखी दोन महिने गेले असते आणि शॉट राहिला असता. स्पीडट्री चालवणाऱ्या एका ओळखीच्या कलाकाराबरोबर तासभर बसले. हातात जादू असल्यासारखं तिचं काम चालतं. कुठे फांदी नको, कुठे तुटकी खुंटी हवी, ती बघून बसवते आणि झाड पटतं. खेळांसाठी, वाऱ्यासह, हलकं झाड भराभर हवं असेल तर मीही तेच घेईन. पण तिथे कोणती फांदी गळली ते कलाकार ठरवतो आणि कडुनिंबाबाबत एवढं ठरवण्याइतका माझा डोळा अजून तयार नाही. मला झाडानंच ठरवायला हवंय.

द ग्रोव्ह घेतलं. एका दाबासरशी एक वर्ष वाढ. दर वर्षी कोणत्या फांदीला किती उजेड मिळतोय ते बघितलं जातं, सावलीतल्या अशक्त फांद्या गळतात, उरलेल्या स्वतःच्या वजनानं वाकतात आणि त्या वाकलेल्या अवस्थेतूनच पुढच्या वर्षीची वाढ उजेडाकडे वळते. आणि सगळं ब्लेंडरच्या आत, त्यामुळे दृश्य इकडून तिकडे न्यावं लागत नाही.

६ फेब्रुवारी

पहिला आठवडा चुकत शिकण्यात गेला. चुका लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.

पहिल्याच दिवशी तीस वर्षं एका दमात वाढवली आणि मग स्लायडर हलवत बसले. ही वर्णनवाल्या सॉफ्टवेअरची सवय. इथे शेवटचा आकार बदलायला गेलं तर सगळा इतिहासच बदलतो, त्यामुळे कोणत्या स्लायडरनं काय झालं हे कळतच नाही. आता तीन-चार वर्षं वाढवते, थांबते, सगळ्या बाजूंनी बघते, मग पुढे.

दुसरं म्हणजे, रोपाचे आणि मोठ्या झाडाचे आकडे एक ठेवायचे नसतात. तरुण कडुनिंब शेंड्याच्या जोरावर सरळ वर जातो. वय झालं की शेंड्याचा वरचष्मा कमी होतो आणि बाजूच्या फांद्या पसरून घेर गोल होतो. म्हणून पहिल्या आठ वर्षांपर्यंत शेंड्याला जोर जास्त, पुढे टप्प्याटप्प्यानं कमी. हे केल्याबरोबर २.६ मीटरचं सरळ खोड आणि वर पसरलेला घेर दोन्ही एकाच झाडात मिळाले. त्याआधी एक यायचं किंवा दुसरं.

गळतीचं प्रमाण सगळ्यांत नाजूक. कमी ठेवलं की आतून गच्च झुडूप. जास्त ठेवलं की खालच्या फांद्या अवेळी जातात आणि ताडासारखं उघडं खोड उरतं. माझी कसोटी म्हणजे खोडाला पाठ टेकून काढलेला तो फोटो. आभाळाचे तुकडे जेवढे फोटोत दिसतात साधारण तेवढे मॉडेलमध्ये दिसेपर्यंत फिरवत राहिले.

दर वर्षाची फाइल वेगळी ठेवते आहे. जागा खाते, पण ठेवते आहे.

१४ फेब्रुवारी

पानं. सकाळी ताजी पानं तोडून तासाभरात स्कॅनरवर. उशीर झाला की कडा आत वळतात आणि रंग मंदावतो. वरची बाजू, खालची बाजू, आणि मग पांढऱ्या उजळ पडद्यावर ठेवून मागून उजेड देत फोटो. तिन्ही वेगळे रंग आहेत. वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची फिकी आणि मॅट. मागून उजेड आला की पान पिवळट हिरवं पेटतं, कारण हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळून टाकतं आणि आरपार येतो तो मधला. झाडाखाली उभं राहून वर बघताना जो हिरवा दिसतो तो हाच. शॉटचा अर्धा भाग खालून आहे, तेव्हा हा तिसरा रंग चुकला तर सगळंच चुकलं.

शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल ते ठरवणाऱ्या भागात, परावर्तित रंग आणि आरपारचा रंग वेगळे ठेवले. दोन्हीसाठी एकच टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) लावून बघितलं होतं, पानं प्लॅस्टिकची झाली.

अजून एक. पडद्यावर स्कॅन बघितला की हात रंग उजळ करायला शिवशिवतो. करायचा नाही. खरं पान आपल्या मनातल्या पानापेक्षा बरंच काळसर असतं.

१७ फेब्रुवारी

डहाळ्या तयार. टोकाच्या दोन, बाजूच्या दोन. प्रत्येकीवर दहा पानं, पानाला सरासरी २६ पर्णिका.

२० फेब्रुवारी

घेराच्या आत काळे डाग. पानांच्या सावल्या नव्हेत, अगदी शाई सांडल्यासारखे. उजेड वाढवला तरी जात नाहीत. पर्णिकांच्या कडेला पांढरी रेघही दिसतेय.

२२ फेब्रुवारी

दोन्ही दोष माझ्याच पद्धतीतले निघाले.

पर्णिका म्हणजे मी एक चौकोनी पत्रा घेतला होता, त्यावर स्कॅन चिकटवलेला आणि पानाबाहेरचा भाग अल्फानं (चित्रातल्या पारदर्शकतेच्या माहितीनं) पारदर्शक. ब्लेंडरमधला सायकल्स रेंडरर प्रकाशाचा किरण सोडतो तेव्हा त्यानं किती पारदर्शक पत्रे ओलांडायचे याला मर्यादा असते, मुळातली ८. दाट घेरात आठ रिकामे कोपरे ओलांडायला वेळ लागत नाही. नवव्यापाशी किरण थांबतो आणि तिथे काळं पडतं. मर्यादा ३२ केली, डाग गेले, पण रेंडरचा वेळ सहन होईना.

मग पत्राच कापला. पर्णिकेच्या कडेबरोबर मेश (त्रिकोणांचं जाळं), आठ त्रिकोणांत, दूरच्या झाडासाठी. शेवटी कॅमेरा जिथे थांबतो त्या एका डहाळीसाठी वेगळी पर्णिका, दात्यांसकट, मधल्या शिरेवर घडी घातलेली. पारदर्शक काही उरलंच नाही. वेळ मूळच्यापेक्षाही खाली आला.

पांढरी रेघ स्कॅनरच्या झाकणाची. पानाच्या कडेबाहेर पांढरा रंग होता, टेक्स्चर लहान होताना तो आत झिरपत होता. पानाचाच हिरवा कडेबाहेर वीसेक पिक्सेल पसरवला, रेघ गेली.

२७ फेब्रुवारी

एकूण हिशेब : २२,५०० टोकं धरली तर २,२५,००० पानं, ५८,५०,००० पर्णिका, साडेचार कोटींहून जास्त त्रिकोण. चार डहाळ्यांचे इन्स्टन्स (त्याच डहाळीची पुन्हा पुन्हा दाखवलेली रूपं) असल्यामुळे स्मृतीत मात्र चारच डहाळ्या राहतात. संगणक शांत आहे. द ग्रोव्हमध्ये प्रत्यक्षात वाढलेल्या झाडाला टोकं याहून बरीच कमी आली, ते बरोबरच.

५ मार्च

कडुनिंब पानं गाळतोय. खाली पिवळा सडा, वर सांगाडा. हे आठ-दहा दिवस वर्षातून एकदाच मिळतात, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून रोज सकाळी जाते आहे.

उघड्या झाडासमोर मॉडेल धरून बघितलं आणि दोन गोष्टी सुधारायला लागल्या. एक, खालच्या फांद्या खोडातून निघताना मी धरल्यापेक्षा जास्त आडव्या आहेत, आणि त्यांचं टोक मात्र वर वळलेलं. वजनानं वाकणं कमी पडत होतं. ते वाढवलं आणि फांदीला तो सैल झोका आला, आधी बाहेर, मग वर. दोन, मोठ्या फांद्या कुठेच सरळ नाहीत. दर हात-दीड हातावर दिशा किंचित मोडते. दुर्बिणीतून बघितलं तर जवळजवळ प्रत्येक मोडीपाशी गाठ होती. पुढे जाणारा शेंडा कधीतरी वाळला आणि बाजूच्या डहाळीनं त्याची जागा घेतली, म्हणून वाट वाकडी.

द ग्रोव्हमध्ये शेंडे मरण्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर ठेवलं होतं मी. ते वाढवून बाराव्या वर्षाच्या फाइलपासून पुन्हा वाढवलं. वेगळ्या ठेवलेल्या फाइलींनी दोन दिवस वाचवले.

१२ मार्च

तांबूस पालवी फुटली. कोवळी पानं इतकी पातळ की त्यांच्यातून बोट दिसतं. पटकथेत भर उन्हाळा आहे, म्हणून झाड हिरवंच ठेवायचं, पण बाहेरच्या काही टोकांना तांबूस डहाळी देते आहे. पाचवी डहाळी स्कॅन झाली.

१६ मार्च

साल आणि गाठी. म्हाताऱ्या कडुनिंबाची साल उभ्या भेगांची, करडी, भेगांच्या तळाशी तांबूस. फोटो घेऊन टेक्स्चर केलं, खोडाला गुंडाळलं, बेचक्यापाशी ताणलं गेलं. तिथे हातानं दुरुस्ती.

गाठींसाठी एक पद्धत सुचली आणि ती जमली. लागोपाठच्या दोन वर्षांच्या फाइली एकमेकींवर ठेवायच्या. आदल्या वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी नाही अशी फांदी दिसली की तिच्या बुडाशी खूण. खोडावर आणि तीन मोठ्या फांद्यांवर, कॅमेऱ्याला दिसेल एवढ्या भागात १७ खुणा निघाल्या. जी फांदी लवकर गळली तिची गाठ जवळजवळ बुजलेली, वरून नुसती सालीची सुरकुती. जी अलीकडे गळली तिच्याभोवती जाड ओठ आणि मध्ये खड्डा. एकेक गाठ कोरताना ती कोणत्या वर्षातली ते फाइलच सांगत होती, मनानं काही ठरवावं लागलं नाही.

१७ मार्च

वारा. खोड जवळजवळ स्थिर, मोठ्या फांद्या सावकाश, डहाळ्या त्याहून भरभर, पर्णिका स्वतंत्र थरथरत. प्रत्येक पातळीची लय वेगळी आणि एकमेकींशी न जुळणारी ठेवली. पहिल्या चाचणीत सगळं झाड एकाच वेळी डुललं होतं, पाण्याखालच्यासारखं.

२१ मार्च

शॉट जोडून दाखवला. दिग्दर्शक तीनदा बघत बसला, बोलला काहीच नाही. चौथ्यांदा २३ व्या सेकंदाला थांबवलं. कॅमेरा झाडाखाली शिरतो तिथे, डावीकडच्या मोठ्या फांदीवर, त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे फांदी होती का गं?"

"होती. अकराव्या वर्षी फुटलेली. एकोणिसाव्या वर्षी वरच्या फांदीची सावली आली, गेली."

त्यानं मान हलवली आणि शॉट पुढे चालू केला.

त्या गाठीच्या खालच्या ओठापाशी साल अजून नीट वळलेली नाही, भेगा ओठावरून सरळ निघून जातात. खऱ्या झाडावर त्या बाजूनं वळसा घालतात. उद्या सकाळी जवळून फोटो घेऊन ते बसवायचं, मग अंतिम रेंडर.